चढावर लागणारा दिवा

मंगळवार, ४

आणि वर बायको मलाच म्हणते, "उंटावरून शेळ्या हाकू नका." मी हाकतो म्हणून तर शेळ्या रस्त्यावर आहेत! गाडी कोणाची? माझी. कष्ट कोणाचे? माझे. आणि दिवा लागला की पळत जायचं कोणाकडे? तर पान्याकडे. का, गॅरेजांचा दुष्काळ पडलाय तिथं?

आज परत लागला म्हणे. पिवळा, इंजिनाचं चित्र असलेला, मीटरच्या कोपऱ्यात. शाळेच्या चढावर लागला, मुलं उतरवून खाली आली आणि गाडी बंद करून चालू केली तर गायब. पंधरा दिवस हेच चाललंय. मी म्हटलं, विझला ना, मग सोड. तर म्हणे, "अहो, मागं सहा लेकरं असतात. मला भीती वाटते."

भीती वाटली तर बाईनं नवऱ्याला फोन करावा. केला की, म्हणते. केला, पण आधी पान्याला आणि मग मला. मी सरळ विचारलं, आधी कोणाला? तर तिनं सरळ सांगून टाकलं. खोटं बोलली असती तर एवढं लागलं नसतं.

ही वही खोलीतल्या काकांनी दिली. आम्ही दोघं एका खोलीत राहतो. ते खाली वर्कशॉपात गाड्यांचं वायरिंग बघतात, वय झालंय, बोलणं कमी. म्हणाले, "तू रोज माझे कान खातोस, ते आता या वहीचे खा." मी सहावी नापास. लिहायला हात वळत नाही, पण राग आला की वळतो असं दिसतंय.

तर नीट लिहितो. गाडी मी इकडं परमुलखात कामाला यायच्या आधी घेतली, चौथ्या हाताची. मी आलो त्याला सात महिने झाले. मागं ही गाडी शिकली, लायसन काढलं आणि टेकडीवरच्या शाळेत सहा मुलं नेण्या-आणण्याचं काम धरलं. मला विचारून धरलं, नाही असं नाही. मी दोन अटी घातल्या. पेट्रोल सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, पाच-पाच लिटर, थेंब जास्त नाही, पैसे मी पाठवीन. आणि रोज संध्याकाळी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो. पेट्रोलचा काटा गाडी घेतली तेव्हापासून अर्ध्यावर अडकलेला, टाकी भरा नाहीतर सुकवा, तो आपला अर्ध्यावर. म्हणून भरवसा फक्त आकड्यावर. पाच लिटरला साठ किलोमीटर. दोन दिवसांच्या शाळेच्या फेऱ्या छप्पन्न. चार किलोमीटर बाजारहाटाला सोडलेत. मी काही राक्षस नाही.

आता पान्या. आम्ही दोघं पोरवयात एकाच उस्तादाच्या हाताखाली लागलो. उस्तादांनी मागायच्या आधी हा पाना हातात घेऊन उभा, म्हणून पान्या. मी तोवर उस्तादांशी भांडत असायचो. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पाटी आहे, इंजिनाची दुखणी वाचणारं मशीन आहे. एवढ्यावर भागत नाही. माझ्या आधी हिच्यासाठी पान्याच्या घरून विचारणं झालं होतं. जमलं नाही. का नाही ते मला कोणी धड सांगितलं नाही, आणि हिला विचारलं की हसते. हसण्यासारखं काय आहे त्यात?

बुधवार, ५

जेवणाच्या सुट्टीत फोन केला. सकाळी पाच लिटर घातलं आणि मुलं सोडून तशीच पान्याकडे गेली.

"मग? काय म्हणतोय तुझा मिस्त्री?"

"माझा कशाला असेल? दिवा लागलाच नाही तिथं."

"पान्याला बघून लाजला असेल."

"अहो, ऐकून तर घ्या. मशीन लावलं त्यांनी. इंजिनाला पेट्रोल कमी पोचतंय असं आलं त्यात. फिल्टर बदलला. मग चढावर नेऊन आणली दोनदा, तरी नाही लागला."

"नेली कोणी?"

"पान्याभाऊंनी."

"आणि तू कुठं होतीस?"

"शेजारी. चढ कुठला ते दाखवायला नको?"

चढ दाखवायला! एकच तर टेकडी आहे, आंधळ्यालाही सापडेल. आणि एकदा नाही, दोनदा.

मजुरी घेतली नाही म्हणे, फक्त फिल्टरचे पैसे. मजुरी सोडणारा मिस्त्री मी जन्मात बघितला नाही, आणि मी मिस्त्र्यांत वाढलोय. ही म्हणते, पान्याची बायको तिथंच गल्ल्यावर बसते, बिल तिनंच केलं, चहा तिनंच दिला. असेल. बायको मलाही आहे. त्यानं काय होतं?

संध्याकाळी फोटो आला. चौदा किलोमीटर जास्त. वरचं पेट्रोल मी देणार नाही. सांगितलं, उद्या पुरवून वापर.

शुक्रवार, ७

काल गुरुवारी परत लागला. नवीन फिल्टरसकट.

म्हणाली, "तुमच्या वर्कशॉपात विचारा ना कोणाला तरी." मी म्हटलं, इथं असल्या फुटकळ कामाला कोणी हात लावत नाही, इथं मोठी कामं असतात.

इथं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. वर्कशॉप आहे, मोठंही आहे, ते खोटं नाही. पण ते तळमजल्यावर. मी चौथ्या मजल्यावर, जिथं धुतलेल्या गाड्या येतात आणि आम्ही चौघं फडकी घेऊन तुटून पडतो. थेंब काचेवर वाळला की डाग धरतो, म्हणून घाई. दिवसाला सत्तर-ऐंशी गाड्या. बॉनेट उघडायची मनाई. परवा एका गाडीचं इंजिन खोकत होतं, मी नुसता कान लावला, तर मुकादम ओरडला, "ए, तुझा संबंध फडक्याशी." घरी वाटतं मी मिस्त्री आहे. पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. दुसऱ्या आठवड्यात लाज वाटली, आणि मग तेच चालत राहिलं.

हिला बजावलंय, पान्याकडे पाय ठेवायचा नाही. पेट्रोल पंपाला लागून दुसरं गॅरेज आहे, तिथं दाखव. म्हणाली, "तो लुटतो हो." म्हटलं, लुटू दे. लुटणारा परवडला.

रविवार, ९

आज फोनवर तोंड बघून बोलणं झालं. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं चारही प्लग बदलले, घसघशीत बिल लावलं आणि काल शनिवारी दिवा लागलाच. हिनं बिलाचा कागद तेवढा फोनसमोर धरला, चांगला मिनिटभर.

गाडीत तिनं छोटी वही ठेवलीय. दिवा कधी लागला, कुठं लागला. वाचून दाखवली. मंगळवारी लागला, चढावर. बुधवारी नाही. गुरुवारी लागला, चढावर, झटकेही दिले. शुक्रवारी नाही. शनिवारी लागला. मी म्हटलं, दिवा आहे का मुकादमाचा मेहुणा, एक दिवस कामावर आणि एक दिवस गैरहजर? आई मागून फिसकन हसली. ही नाही हसली. वही तशीच उघडी धरून माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी सांगीन अशी.

मला दुसरंच दिसत होतं त्या वहीत. पान्याकडे गेली ती बुधवारी. म्हणजे दिवा लागला तेव्हा नाही, विझल्यावर गेली. दिवाच नाही तर गॅरेजात काम काय?

मग आई पुढं आली. "अरे, ती गाडी चालवते म्हणून माझे डोळे तपासून झाले. नाहीतर तू येईस्तोवर चाचपडतच बसले असते."

"डोळ्यांचा डॉक्टर किती किलोमीटर पडतो?" मी विचारलं.

"मोजले नाहीत बाबा. डोळ्यांत औषध होतं."

फोन ठेवताना ही म्हणाली, "तुमची नखं किती स्वच्छ झालीत." म्हटलं, इथं साबण चांगला मिळतो. जरा बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी माझ्याबद्दल काहीतरी चांगलं बोलली.

मंगळवार, ११

शाळेच्या बाईंनी हिला आत बोलावून घेतलं. मुलांच्या घरून कुरकुर आलीय, गाडी झटके देते. एकदा जरी रस्त्यात बंद पडली तर मुलं दुसऱ्या गाडीला देऊन टाकू, म्हणाल्या. त्या सहा मुलांवर घराचं अर्धं रेशन येतं, आईचं औषध येतं. ही रडली नाही, नुसती हळू बोलत होती. ती ओरडते तेव्हा मी ओरडू शकतो. हळू बोलली की मला काही सुचत नाही.

"पान्याभाऊंना परत दाखवू का?" म्हणाली. विचारून जाते, हे एक बरं.

मी हिला उत्तर दिलं नाही. पान्यालाच फोन लावला.

"बोल रे ठिणगी!" म्हणाला. उस्तादांनी ठेवलेलं नाव. दुसरं कोणी घेत नाही आता.

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

"बरं. मग तू येऊन लाव."

"मशीन घेतलंस म्हणून शहाणा झालास काय रे?"

"शहाणा असतो तर सापडलं नसतं का? अरे, डोकं फिरायची वेळ आलीय. चढावरच मार खाते म्हणतात. मी वहिनींना पहिल्याच दिवशी विचारलं, पेट्रोल तळाला नसतं ना? त्या म्हणाल्या, अर्धी टाकी असते कायम. काटापण अर्ध्यावर. मग राहिलं काय? आता वायरिंग उकलायला घेऊ का सांग."

"तू आणि ती पेट्रोलच्या गप्पा मारत बसता?"

मग म्हणाला, "तुझं बरं चाललंय ना रे तिकडं?"

मी ठेवून दिला. माझी कीव करतो! आणि वहिनी म्हणे. वहिनी म्हणायला काय पैसे पडतात? अर्धी टाकी म्हणाली ही. काट्याकडे बघून म्हणाली असेल. नाहीतर त्याच्यासमोर काय बोलतोय याचं भान राहत नसेल.

गुरुवार, १३

सकाळी काका आरशासमोर दाढी करत होते. मी बूट घालता घालता परत सुरू झालो. पान्या, चढ, वहिनी, सगळं. काका म्हणाले, "पान्याचं राहू दे. गाडीचं सांग. दिवा लागतो कधी?"

"मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी."

"आणि पेट्रोल कधी घालते?"

"सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी."

काकांनी हातातला वस्तरा खाली ठेवला. "किती?"

"पाच लिटर."

"पाचच का?"

"तेवढंच लागतं," मी म्हटलं.

काका आरशातूनच माझ्याकडे बघत राहिले, अर्ध्या गालाला फेस. मग म्हणाले, "तळाला उरलेलं पेट्रोल सपाटीवर पसरून राहतं. चढावर ते एका बाजूला पळतं. टाकीतल्या मोटरीच्या तोंडाशी हवा. इंजिन उपाशी. ते दिवा लावणार नाहीतर काय करणार? आणि ती मोटर पेट्रोलात बुडलेली असते म्हणून थंड राहते. अशी कोरडी चालवली तर जळेल एक दिवस. मुलं बसतात म्हणालास ना? आत्ता फोन कर. अर्धी टाकी भरून घ्यायला सांग."

"करतो," मी म्हटलं.

आता जेवणाची सुट्टी संपत आली. अजून केला नाही.

अर्धी टाकी म्हणजे वीस लिटर. वीस लिटर म्हणजे दोनशे चाळीस किलोमीटर. एवढ्यात माणूस कुठल्या कुठं जाऊन परत येईल आणि आकडा बघून मला काय कळणार? आणि सांगायचं तरी काय? की गाडीत काही बिघाडच नव्हता?

पान्याला नाही सापडलं आणि मला सापडलं, हे मात्र झकास झालं. काकांनी सांगितलं म्हणा, पण माझ्याच उत्तरांतून निघालं ना? फक्त हिला ते कसं सांगायचं तेवढं जमत नाही.

शुक्रवार, १४

आज नाही केला. आज पाच लिटर पडलंय, आजचा दिवस धोका नाही. आणि गाडी एवढे दिवस चाललीच आहे की.

शनिवार, १५

दिवा लागला. मला सकाळपासून माहीत होतं लागणार. काचा पुसत होतो आणि घड्याळ बघत होतो. आता मुलं बसली असतील, आता चढ लागला असेल. एका काचेवर दोन डाग राहिले, मुकादमानं परत पुसून घेतली.

दुपारी ही म्हणाली, गाडीनं चढावर असे आचके दिले की मागून एक चिमुरडी म्हणते, "मावशी, गाडीला उचकी लागलीय, पाणी पाजा तिला." सांगताना तिला हसू आलं. मीपण हसलो.

आत्ता सांग, आत्ता सांग, असं मन म्हणत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "पान्याभाऊ म्हणतात, सोमवारी गाडी त्यांच्याकडे ठेवू दिवसभर." म्हणजे माझ्या बजावण्यावर पाणी. बोलणं चालूच आहे यांचं. मी म्हटलं, ठेवायची नाही. आणि जे सांगायचं ते राहूनच गेलं.

सोमवार, १७

आज ठरवून फोन हातात घेतला. लागत होता, पण ती दुसऱ्या कोणाशी बोलत होती. परत केला. परत तेच. पाच वेळा केला. अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत मी दोन गाड्या पुसतो.

लागल्यावर विचारलं, कोण होतं? "शाळेच्या बाई." एवढं काय बोलायचं बाईंशी? "मुलांच्या घरच्यांनी तक्रार लिहून दिलीय, ती वाचून दाखवत होत्या." मी म्हटलं, बरं. आणि ठेवून दिला. खरंही असेल. पण त्या अकरा मिनिटांत माझ्या डोक्यात जे झालं ते लगेच कसं जिरेल?

काकांनी विचारलं, "सांगितलंस ना बायकोला?" म्हटलं, सांगितलं. त्याच दिवशी.

मंगळवार, १८

बंद पडली.

मुलांना काही झालेलं नाही. हे आधी लिहितो. कोणाला काही झालेलं नाही.

शाळेच्या अलीकडच्या वळणावर, जिथं चढ सगळ्यात उभा आहे तिथं. दिवा लागला, दोन आचके आणि इंजिन गेलं. इंजिन गेलं की ब्रेक दगडासारखा होतो. गाडी मागं सरकायला लागली. तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, हातानं हँडब्रेक ओढला, तेव्हा थांबली. किती सरकली? "दोन माणसं आडवी झोपतील एवढी," म्हणाली. मुलांतल्या सगळ्यात मोठ्या मुलीला उतरून चाकामागं दगड लावायला सांगितलं. मग एकेकाला भिंतीच्या बाजूनं उतरवलं, हातात हात धरायला लावले आणि सहाजणांची साखळी करून चालत वर शाळेत पोचवली. वाटेत गाणं म्हणायला लावलं म्हणे, कोणी रडू नये म्हणून.

हे सगळं तिनं मला दुपारी सांगितलं. माझा फोन कपाटात असतो, कामावर जवळ ठेवू देत नाहीत. उघडून बघितला तर तिचे तीन फोन येऊन गेलेले. आठ वाजून बारा, आठ चौदा, आठ पंधरा. मला आधी केला होता. पान्याला नंतर. मी आठ पंधराला कोणाची तरी पांढरी गाडी पुसत होतो.

मी म्हटलं, "पेट्रोल तळाला गेलं होतं. चढावर ते मोटरीपर्यंत पोचत नाही. दुसरं काही नाही गाडीत."

"मला तेच वाटायला लागलं होतं," ती म्हणाली.

"मग पान्याला अर्धी टाकी का सांगितलीस? त्याला पहिल्या दिवशीच सापडलं असतं!"

"मग काय सांगू? नवरा मापून पेट्रोल देतो, असं सांगू? त्यांच्या बायकोसमोर? ती दोघं तुमचं नाव काढतात, ठिणगी असता तर असं केलं असतं, तसं केलं असतं. तिथं बसून मी सांगू, की मला चार किलोमीटर सोडलेत म्हणून?"

मग तिनंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

आज, असं तोंडात आलं होतं. का कोण जाणे, निघालं दुसरंच. "गुरुवारी."

"कुठल्या?"

"मागच्या."

"शनिवारी मी तुम्हाला उचकीचं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही हसलात."

आणि फोन बंद झाला. तिनं केला.

काकांना खरं सांगितलं. संध्याकाळी त्यांनी चहा केला, एक कप.

बुधवार, १९

फोन उचलत नाही. आकड्याचा फोटो नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

गुरुवार, २०

फोटो नाही. गाडी उभी असेल तर आकडा कशाला बदलेल, हे कळतं. तरी दहा वेळा बघितलं. ती आत्ता कुठं आहे हे मला माहीत नाही. खरं म्हणजे आधीही माहीत नव्हतं. चाकं किती फिरली तेवढंच माहीत होतं.

शनिवार, २२

पान्याला फोन करायला घेतला. काय बोलायचं ते ठरेना. हिनं त्याला अर्धी टाकी का सांगितली, ते आता त्यालाही कळलं असणार. त्याची बायकोही ऐकत असणार. हसत असतील. कीव करत असतील तर त्याहून वाईट. नाही केला.

रविवार, २३

आईचा फोन आला. ही बाजूला नव्हती, की होती आणि बोलली नाही, कळलं नाही. मी विचारलं नाही.

टाकीतली मोटर जळलीय. पान्यानं टाकी उतरवून बघितली. मोटर नवी घालायची तर नऊ हजार, आणि काटाही बदलून घ्यावा म्हणतोय. शाळेच्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. खरं तर मुलं काढूनच घेणार होत्या, पण एका मुलीच्या आजोबांनी ती साखळी वर येताना बघितली होती, त्यांनी शब्द टाकला. महिनाअखेरीला गाडी धड झालेली दिसली नाही तर काम जाणार.

"मग आत्ता मुलांना कोण नेतंय?" मी विचारलं.

"तीच नेते. पान्याच्या गाडीतून. त्यानं दिलीय चार दिवस."

माझ्या कानात असा आवाज झाला, कोणी जवळ भोंगा वाजवावा तसा. पान्याची गाडी. पान्याचं पेट्रोल. काटा चालणारी.

"एकटीच असते ना गाडीत?" तोंडातून निघून गेलं.

"एकटी कशी? सहा पोरं असतात," आई म्हणाली. "आणि पान्याची धाकटी. तीपण त्याच शाळेत जाते. सात." मग म्हणाली, "अरे, तू माणूस आहेस की चेकनाका?"

पुढं आईच म्हणाली, "ती पैसे मागणार नाही म्हणालीय. मी मागते. मी आई आहे, मला लाज वाटत नाही. पण पाच लिटर, दहा लिटर असं माप लावून पाठवणार असशील तर राहू दे. मी माझी पाटली मोडीन."

इथंही लिहिलं नव्हतं ते आता लिहितो. पत्र्याच्या पेटीत तळाशी मी पैसे साठवत होतो. तिकिटाचे. न सांगता जायचं, दुपारच्या वेळी, घरी नाही, आधी पान्याच्या गॅरेजात. दारात उभं राहून बघायचं, कोण कुठं बसलंय. चार महिने साठवले. दोन वेळा जेवणाऐवजी एकदा जेवून साठवले.

आज रविवार, पैसे पाठवायचं दुकान बारापर्यंत उघडं असतं. पेटी रिकामी केली आणि गेलो. जाताना हिशेब केला, मोटरीचे नऊ, काट्याचे काही, बाकी आपल्याकडे ठेवू. दुकानापर्यंत तोच हिशेब चालला होता. काचेमागच्या माणसानं कागद पुढं सरकवला. त्यावर कशासाठी असा एक रकाना असतो. दर वेळी मी तिथं लिहितो, पेट्रोल, आणि लिटर किती ते. तो म्हणाला, "लिहा की, मागं माणसं उभी आहेत."

पेन हातात धरून उभा राहिलो तेव्हा मनात पहिलं काय आलं असेल? की एवढे पैसे हातात पडले तर ती कुठंही जाऊ शकेल. भरल्या टाकीनं, कुठंही, आणि मला आकडाही कळणार नाही. आलं ते आलं. या वहीत तरी खोटं कशाला लिहू.

रकाना कोराच ठेवला. सगळे पाठवले. एकवीस हजार तीनशे.